लढाईचे पिक्चर दुसऱ्यांदा पाहणारी माणसं

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत एकीकडे पोरांना खिचडी वाढणं चालू असतं आणि दुसरीकडे आम्हा मास्तरांच्या पिक्चरच्या गप्पा. कोणी काय पाहिलं, कोणाचा डेटा ऐन मारामारीत संपला, कोणाच्या सासूनं मालिकेसाठी रिमोट हिसकावला. मग कोणीतरी माझ्याकडे वळतं. "मॅडम, या रविवारी कोनता पाहू, सांगा न. लढाईचा सांगा. तुमच्या पसंतीचा फेल जात नाही."

हा मान मला कसा मिळाला ते माझं मला माहीत. मी मुळात घाबरट बाई. वरातीत फटाके लागले की मी आधी पोरांचे हात मोजते. नवा लढाईचा पिक्चर तर मला पाहवतच नाही. कोण मरणार हे ठाऊक नसतं, म्हणून मी सगळ्यांनाच मेलेलं धरून बसते, आणि त्यातल्या त्यात हसऱ्या शिपायाला आधी. त्यानं खिशातून बायकोचा फोटो काढला की मी उठून भांडी घासायला जाते. दुसऱ्यांदा मात्र मी खुशाल बसते. कोण जाणार, कुठल्या वळणावर जाणार हे कळलेलं असतं. जीव तयार असतो, आणि मग बाकीचं दिसायला लागतं. म्हणून माझी शिफारस कधीही नव्या पिक्चरची नसते. नवे लोकांनी पाहावेत आणि कोण वाचलं ते मला येऊन सांगावं.

पहिला नंबर त्या जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरचा, ज्यात दोन शिपाई बर्फातून टेलिफोनची तार ओढत नेतात. पिक्चरभर तार तुटते आणि ते जोडतात. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हे काय, लढाई कुठाय? दुसऱ्यांदा कळतं की बोटांकडे पाहायचं. हातमोजा दातानं ओढून काढल्यावर त्या नटाची बोटं जशी वागतात, तशी खोटी वागवता येत नाहीत. दुसरा, जखमींच्या आगगाडीतल्या नर्सचा. त्यात गाणी नको तिथे आहेत आणि हिरो इस्त्रीच्या कपड्यांत जखमी होतो, तरी पाहा. एका स्टेशनावर ती नर्स चहा प्यायला उतरते आणि कप हातात असताना तिच्या लक्षात येतं की सकाळपासून आपण एकाही माणसाला नाव विचारलेलं नाही. त्या जागेसाठी मी तो पिक्चर कितीदाही पाहीन. आणि लढाई अजिबात नको असेल तर लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा पाहा, ज्याचे पुढचे दात पडतात. पोरं हसून लोळतात. मोठ्यांनी दुसऱ्यांदा पाहावा, तेव्हा तितकं हसू येत नाही.

या शिफारशी माझ्या एकटीच्या नाहीत. खरं तर त्या माझ्या नवऱ्याच्या आहेत, मी फक्त शाळेत नेऊन त्यांना मीठमसाला लावते. तुमसरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, मँगनीजच्या खाणीची वसाहत आहे, तिथल्या क्वार्टरांच्या एका लाइनीत आम्ही राहतो. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या भागात खाण काही एकच नाही. नवऱ्याची सुट्टी रविवारी. सकाळी बाजार, दुपारी वरण-भात, वांग्याची भाजी आणि मग लढाईचा पिक्चर. तोही पाहिलेलाच. मी मनात म्हणायची, चला, एका बाबतीत तरी आमचं जमलं. मला पाहिलेला पिक्चर लागतो म्हणून हा बापडा माझ्यासाठी पाहिलेलाच लावतो. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कौतुक बायकोनं करायला हरकत नसते.

त्याचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जमिनीखाली सुरुंग उडवला की धूर बसल्यावर त्या जागी सगळ्यात आधी जो माणूस जातो, तो माझा नवरा. हातात लोखंडी सब्बल, म्हणजे लांब पहार. तो डोक्यावरचं दगडी छत ठोकत ठोकत पुढे जातो आणि ऐकतो. दगड खणकन वाजला तर छत पक्कं. बद्द वाजला तर दगड आतून सुटलेला आहे, तो पाडायचा किंवा खाली टेकू द्यायचा. त्यानं "चला" म्हटल्याशिवाय त्याची टोळी आत पाऊल टाकत नाही. टोळीतल्या पोरांना दुसरंही कोणी तपासून देतं, साहेब येतात, नियम आहेत, सगळं आहे. पण पोरं साहेबाच्या सहीकडे पाहत नाहीत, ह्याच्या तोंडाकडे पाहतात.

ही ठोकण्याची सवय त्यानं घरीही आणली. नव्या भिंतीला ठोकून पाहणार, टरबुजाला ठोकणार, एकदा माझ्या माहेरी भंडाऱ्याला माझ्या वडिलांच्या हातमागाच्या खांबालाही ठोकून आला आणि म्हणाला, "मामाजी, याले आतून वाळवी हाये." निघाली वाळवी. उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या लाइनीतल्या बायका माठ घ्यायला निघाल्या की ह्याला बाजारात सोबत नेतात. हा बोटाच्या पेरानं एकेक माठ वाजवतो आणि सांगतो, हा घ्या, हा ठेवा. कुंभारही वैतागतो, पण काही म्हणत नाही.

या उन्हाळ्यात त्यानं आमच्या शेजारणीला जो माठ निवडून दिला तो चिरलेला निघाला. शेजारीण म्हणजे भिंतीपलीकडची तरुण सून, लेकुरवाळी, तिचा नवरा ह्याच्याच टोळीत. बिचारी सकाळी आली आणि चोरासारखी म्हणाली, "काकू, काकाजीले नका सांगू, पन माठ रातभर गळला. बदलून आनते मी." मी हसले. म्हटलं, म्हातारा झाला तुझा काकाजी. मग तिनं तितक्याच हळू दुसरी गोष्ट सांगितली. "अन् टीव्हीचा आवाज थोडा कमी करता का जी? पोरगं दचकते."

तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या टीव्हीच्या आवाजाचा आकडा पाहिला आणि मला शरम वाटली. आवाज वाढत वाढत कुठे गेला होता, आणि मी त्यातच बसून भाजी निवडत होते. माणूस घरातल्या गोष्टींना सरावतो. सरावून सरावून मी ते त्याचं वेड समजत होते. लढाईचा पिक्चर आहे, तोफा आहेत, आवाज लागणारच.

मग मात्र मला एकेक गोष्ट खटकू लागली. मी कधी नवा पिक्चर सुचवला की तो म्हणायचा, "नवे पिक्चरवाले खुसुरफुसुर करतात. दम नाही त्यायच्या बोलन्यात." मोबाइलवर भावाचा फोन आला की फोन माझ्याकडे द्यायचा, "तूच बोल, मले चष्मा नाही सापडून राहिला." फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

एका रविवारी तो तारवाला पिक्चर लावून बसला होता. त्यात शेवटाकडे एक तंबूतला प्रसंग आहे. मेजर त्या दोघांपैकी धाकट्याला म्हणतो, "तार जोड दो बेटा, बात हम कर लेंगे." माझ्या नवऱ्याचं हे आवडतं वाक्य. दर वेळी तो ते मेजरसोबत म्हणतो. त्या दिवशी तंबूचा प्रसंग सुरू झाला आणि माझ्या हातात रिमोट होता. मी आवाज पूर्ण बंद केला.

का केला ते मला सांगता येत नाही. आतून काहीतरी टोचत होतं, त्याचा एकदाचा निकाल लावायचा होता, आणि निकाल माझ्याच बाजूनं लागेल अशी मला आशा होती. तो आता वळेल आणि म्हणेल, काहून बंद केला? पडद्यावर मेजरचे ओठ हलत होते. घरात पंख्याचा आवाज होता आणि बाहेर नळावर बादली भरत होती. माझा नवरा मान हलवत होता. मेजरनं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा हा बरोबर वेळेवर बोलला, "तार जोड दो बेटा, बात हम कर लेंगे." आणि माझ्याकडे पाहून हसला. मग तोफा सुरू झाल्या, पडद्यावर बर्फ उडालं, तेव्हा तो दचकून म्हणाला, "आवाज काहून गेला?"

मी आवाज परत वाढवला. म्हटलं, चुकून बटन दाबलं गेलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्याला तोफाच तेवढ्या ऐकू येत होत्या. बाकी सगळं पाठ होतं. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी तो पाहिलेले पिक्चर लावत होता, कारण न पाहिलेल्या पिक्चरमध्ये माणसं काय बोलतात ते त्याला कळत नव्हतं. हे कळून वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली. हा माणूस उद्या सकाळी सब्बल घेऊन छत ऐकायला जाणार होता.

त्या दिवसापासून मी शाळेत शिकवत होते की नाही, देव जाणे. पहिली पाळी सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला. खाणीचा भोंगा ठरल्या वेळेला वाजतो. अवेळी वाजलेला मी एकदाच ऐकला, तोही बिघडला म्हणून वाजत होता, पण फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातला खडू मोडला. घरी येताना स्कूटीवरून मी आधी खाणीच्या फाटकाकडे पाहायची. गर्दी नाही ना, गाडी उभी नाही ना. मग वळणावरून आमची लाइन दिसायची, दोरीवर त्याचे मातकट कपडे दिसायचे, तेव्हा कुठे मी स्कूटीचा वेग कमी करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी बोलले त्याच्याशी. न बोलता बसणाऱ्यांतली मी नाही. जेवताना समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून म्हटलं, "तुमाले आयकू कमी येऊन राहिलं."

"मले?" तो म्हणाला. "मले माशी उडाली तरी समजते."

"माठ गळला तुमी देल्ला तो."

"कुंभारच चोर हाये."

मग मी आडपडदा सोडला. म्हटलं, छताचं काय? तेव्हा त्यानं भाकरी ताटात ठेवली. तो रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानं समजावून सांगायला सुरुवात केली, पोरांना सांगतो तसं. "छत कानानं आयकत नसतात बावा. एक हात छताले लावाचा अन् दुसऱ्या हातानं ठोकाचं. दगड सुटला असन तं हाताले थरथर येते. हात खोटं नाही बोलत."

हे खरं होतं. तसं करतात, मला माहीत आहे, तो मला पूर्वीही सांगायचा. म्हणून तर माझी पंचाईत झाली. धादांत खोटं बोलला असता तर मी भांडले असते.

"पयले कानानं आयकत होते तवा काय?"

"तवा दोनीनं."

"अन् जिथं छत उंच हाये, हात पुरत नाही, तिथं?"

तो ताटावरून उठला, हात धुतले आणि टीव्ही लावला. मला आजही वाटतं की तेव्हा मी तो टीव्ही फोडायला हवा होता.

त्याला तरी काय ओरडू, त्याची भीती मला कळत होती. कामावरून काढतील असं नाही, वर कुठेतरी बसवतील, कामगारांच्या टोप्यांवरचे दिवे मोजायला. निवृत्तीला फार दिवसही राहिले नव्हते. पण ज्याच्या "चला" म्हणण्यावर माणसं पाऊल उचलत होती, त्यानं दिवे मोजत बसायचं. लाइनीतल्या बायकांनी माठ घ्यायला दुसऱ्या कोणाला न्यायचं. मी एकदा वसाहतीच्या दवाखान्यात गेलेही. डॉक्टरांना सगळं सांगायचं ठरवून गेले. त्यांनी माझं बीपी मोजलं, वाढलेलं होतं, गोळी बदलून दिली आणि विचारलं, "काही टेन्शन?" मी म्हटलं, नाही. आणि गोळ्या घेऊन परत आले. सांगितलं तर नवऱ्याचा मान जातो, नाही सांगितलं तर कोणाचा तरी नवरा जातो, असं मी दिवसभर डोक्यात फिरवत होते आणि दोन्हीकडून सारखीच घाबरत होते.

आणि तो कोणाचा तरी नवरा भिंतीपलीकडेच राहत होता. संध्याकाळी शेजारीण पोराला कडेवर घेऊन यायची आणि म्हणायची, "काकू, एखादा चांगला पिक्चर सांगा न. काकाजीनं याह्यले तारवाला सांगतला, याह्यले लय आवडला." तिचा नवरा ह्याच्या पसंतीचे पिक्चर पाहत होता आणि ह्याच्या पसंतीच्या छताखाली जात होता. मी तिला आगगाडीतल्या नर्सचा सांगितला. तिच्या तोंडाकडे मला पाहवत नव्हतं.

श्रावण संपला, आणि तान्ह्या पोळ्यानंतरच्या रविवारी मी एक गोष्ट केली. मोबाइलवर शोधता शोधता मला एक परदेशी पिक्चर सापडला, ज्यात खाली हिंदीत अक्षरं येतात. एका नदीवरचा नावाडी लढाईत आधी एका बाजूच्या शिपायांना पार नेतो, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि दोन्हीकडचे त्याला दुसरीकडचा समजतात. तोफा जवळजवळ नाहीत. मी तो आधी एकटीनं पाहिला, भांडी घासायला उठत उठत का होईना, पण पाहिला, म्हणजे माझ्यापुरता तो दुसऱ्यांदाचा होईल. मला एवढंच वाटत होतं की माझ्या नवऱ्यानं कितीतरी दिवसांनी एक नवा पिक्चर पूर्ण पाहावा. शेजारणीच्या टीव्हीचं रिचार्ज संपलं होतं, म्हणून मी त्या दोघांनाही बोलावलं. भजी करणार होते.

तो आधी कुरकुरला. मग अक्षरं वाचू लागला. थोड्या वेळानं मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले तर तो पुढे सरकून बसला होता, तोंड अर्धवट उघडं, डोळे पडद्याच्या खालच्या पट्टीवर. नावाड्यानं एका जखमी शिपायाला विचारलं, पोहता येतं का, आणि अक्षरं आल्यावर माझा नवरा हसला. सगळ्यांसोबत, सगळ्यांच्या वेळेला हसला. मला इतकं बरं वाटलं की एक घाणा करपला.

शेजारणीचं पोर आतल्या खोलीत आमच्या जुन्या पाळण्यात झोपलं होतं. त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून माझा नवरा बसलेला. बाकीचे खिडकीपाशी. पोर जागं झालं आणि रडायला लागलं. आधी कुरकुर, मग भोकाड. खिडकीपाशी बसलेल्या शेजारणीनं ह्याच्याकडे पाहिलं. पाळण्याची दोरी ह्याच्या हाताशी होती आणि एरवी हाच पोराला सगळ्यात आधी उचलायचा. ती थांबली. पोर जिवाच्या आकांतानं रडत होतं आणि काकाजी अक्षरं वाचून गालातल्या गालात हसत होते.

तिनं उठून पोराला घेतलं. परत येताना ती ह्याच्या अगदी मागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकाजी." मग थोडं मोठ्यानं, "काकाजी." तो पिक्चर पाहत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या नवऱ्याकडे. मी इतके दिवस डोक्यात जे फिरवत होते, ते तिच्या डोळ्यांत एका झटक्यात पोचलेलं मला दिसलं.

तिचा नवरा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. खाली मान घालून म्हणाला, "काकू, आमाले माहीत हाये."

"आमाले मंजे कोनाले?"

"साऱ्या टोळीले. काकाजी ठोकून पुढं गेले का मी मागून ठोकतो. त्याईले दिसू देत नाही." मग म्हणाला, "मागच्या हप्त्यात छतातल्या दगडाची एक पाट त्यायनं पक्की मनून सोडली होती. मी ठोकली तं बद्द वाजली. काकाजी तिच्याच खाली उभे होते. आमी त्याईले चाय प्याच्या निमतानं तिथून काढलं अन् मंग पाडली. सांगतलं का आपोआप पडली."

माझ्या हातात झारा होता, तो मी कढईतच सोडला. पण माझ्याआधी त्याची बायको बोलली. आवाज चढवला नाही तिनं, पोर खांद्यावर होतं. "अन् तुमी घरी येऊन जेवत होते. मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? छत ठोकनं मले त्यायनंच शिकवलं."

"शिकवलं मनून त्यायच्या मांगं मराचं?"

आमच्या तिघांचे ओठ हलताना माझ्या नवऱ्याला दिसले. त्यानं पडद्यावरून नजर काढली आणि विचारलं, "काय झालं?"

मी जवळ गेले. हळू आवाजात म्हटलं, "तुमाले आयकू येत नाही, हे या पोरायले माहीत हाये."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि मान पुढे केली. "काय? जरा मोठ्यानं बोल न." आणि मग इतके दिवस जी गोष्ट मी डॉक्टरच्या खोलीतही उच्चारली नव्हती, ती मला ओरडून सांगावी लागली, कारण त्याशिवाय ती त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. "तुमाले आयकू येत नाही! सारी टोळी जानते! हा पोरगा तुमच्या मांगून छत ठोकते!" दारं उघडी होती. नळावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. समोरच्या क्वार्टरमधून कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हा उठून निघून जाईल, किंवा मला काहीतरी लागट बोलेल, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. पण तो शेजारणीच्या नवऱ्याकडे वळला. "ते पाट आपोआप नोयती पडली?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मी खालीच होतो."

माझ्या नवऱ्यानं स्वतःचा उजवा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं आणि तो मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "भजे थंडे होऊन राहिले. खा." कोणी खाल्ली नाहीत. शेजारीण पोराला घेऊन गेली, तिच्यामागून तिचा नवरा गेला. टीव्हीवर नावाड्याची नाव मधल्या धारेत होती. मी तो बंद केला.

संध्याकाळभर तो अंगणात बसून राहिला. मी भांडी घासली, उद्याच्या पाठाच्या टाचणाकडे पाहिलं, पुन्हा भांडी घासली. मला त्याची दया येत होती आणि संतापही येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली तीच जुनी भीती होती. उद्या पहिली पाळी. हा हट्टानं गेला तर? मी काय करणार होते, फाटकात आडवी पडणार होते? पडलेही असते कदाचित.

सकाळी उठून पाहिलं तर तो आंघोळ करून तयार होता. अंगात खाणीचे मातकट कपडे नव्हते, बाजाराचा पांढरा शर्ट होता. मी डबा भरायचं सोडून त्याच्याकडे पाहत राहिले.

"दवाखान्यात जातो," तो म्हणाला. "सायबालेही भेटतो. तो पोरगा चांगला ठोकते. त्याले पुढं करा मनतो."

मी मान हलवली. त्यानं चपला घातल्या, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं काही विसरला.

"तू नाही येत?"

मी शाळेची पिशवी दाखवली. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "माही शाळा हाये."

"सुट्टी टाक," तो म्हणाला. "डाक्टर काय मनते ते मले कोन सांगन?"